कुलिगाची टेकडी

ग्लाफीराने मरायचं ठरवलं, त्या वर्षी नेमके बटाटे कधी नव्हे इतके आले. तळघर भरलं, पडवीत ढीग लागला. पिंपभर कोबी खारवून झाला, अळंब्यांच्या माळा भट्टीवर वाळत लटकल्या, आणि बकरी तर असं दूध देत होती की विचारू नका. असल्या भरल्या घरातून कुणी उठून मरायला निघतं का? पण ही बाई निघाली. आजार म्हणाल तर औषधालाही नव्हता. सत्तरीला टेकलेली, दात बरेचसे पडलेले, पण जीभ शाबूत आणि चाल अशी की तरण्या माणसाला तिच्यामागून जाताना धाप लागावी.

तिला मरायचं होतं ते टेकडीसाठी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी एकटेपणाला कंटाळली असेल. छे! कंटाळायला तिला सवड कुठे होती?

कुलिगा गाव दोघा भावांनी जंगल तोडून वसवलं, असं जुनी माणसं सांगायची. कुठले भाऊ, कधीचे, ते विचारू नये. प्रत्येक म्हातारा वेगळं सांगायचा आणि वर दुसऱ्याशी भांडायचा. ग्लाफीरा तिथे सून म्हणून आली तेव्हा सकाळी सगळ्या धुराड्यांतून धूर निघायचा आणि तोल्शा नदीच्या पलीकडून बघणाऱ्यालाही कळायचं की इथे माणसं नांदतात. मग युद्ध आलं. गडी गेले, त्यातले फार थोडे परत आले. बायकांनी स्वतःला नांगराला जुंपलं. ग्लाफीराची पोर, तोन्या, त्याच काळात घसा सुजून गेली. तिला टेकडीवर, गावच्या दफनभूमीत, ठेवलं. नवरा स्तेपान कुठल्या मातीत गेला ते कुणी सांगेना. नुसतं कळवलं की गेला. तेव्हा ग्लाफीराने काय केलं, त्याची हिवाळ्यातली कानटोपी घेतली, तोन्याच्या शेजारी हातभर खड्डा खणला आणि ती पुरली. बाईला रडायला एक जागा तर हवी! वर लाकडी क्रूस उभा केला आणि खाली उतरून कामाला लागली.

गाव मोडलं ते युद्धाने नाही, शांततेत मोडलं. वरून ठरलं की कुलिगाला भविष्य नाही. आधी शाळा गेली, मग दुकान गेलं, मग डांबावरच्या तारा उतरवून नेल्या. भविष्य नाही हे सांगायला एक साहेब आला होता, कातडी बॅग घेऊन. ग्लाफीराने त्याला सरळ विचारलं, "आणि तुम्हाला आहे का हो भविष्य? पोट सुटलंय, जपा." साहेब पुढ्यातलं ताक न पिता गेला.

आमच्याकडची घरं ओंडक्यांची. ती पाडत नाहीत, उतरवतात. प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीने खूण करायची, कुठला कुठे बसतो त्याची, आणि नदी गोठली की घसरगाडीवर घालून न्यायचं. एकेक घर असं बर्फावरून झार्याला गेलं. झार्या म्हणजे सरकारी शेतीची मोठी वसाहत: पाण्याचे नळ, दवाखाना, सिनेमा, आणि वर्षभर गुडघाभर चिखल. मागे राहिल्या त्या घराघरांतल्या विटांच्या भट्ट्या आणि त्यांची धुराडी, उघड्या आभाळाखाली.

सगळ्यांत आधी घर उतरवलं ते उस्तीन्याने. ही ग्लाफीराची नणंद, स्तेपानची सख्खी बहीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. ग्लाफीराला तेच लागलं. बाकीच्यांचं ती समजू शकत होती, पण जिची आई, बाप, भाची टेकडीवर आहेत, जिच्या भावाची टोपी तिथे आहे, तिने पहिली उडी मारावी?

निघायच्या दिवशी उस्तीन्या रिवाजाप्रमाणे जुना, लोकरीच्या नमद्याचा बूट दोरीने ओढत घरभर फिरली. घराचा राखणदार बुटात येऊन बसतो आणि नव्या घरी येतो, असं आम्ही मानतो. "चल बाबा, चल आमच्याबरोबर," ती बुटाला विनवत होती.

ग्लाफीरा कुंपणापाशी हाताची घडी घालून उभी. "रिकामाच ओढतेयस," ती म्हणाली. "तो मघाशीच माझ्याकडे आला. म्हणाला, या बाईचा काही भरवसा नाही."

"राहा मग! भुतांबरोबर संसार कर!" उस्तीन्या कडाडली.

"करीन. तुझ्यापेक्षा भुतं बरी. ती जागा सोडत नाहीत."

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्रोइत्साच्या सणाला, झार्याच्या बायका नदी ओलांडून टेकडीवर यायच्या, आपापल्या माणसांच्या कबरींवर अंडी, भाकरीचे तुकडे ठेवायच्या. उस्तीन्याही यायची. दोघी एकाच कबरीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकाच सासूसाठी, एकाच आईसाठी रडायच्या आणि एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत. हट्टीपणा त्या घरात सगळ्यांना सारखा वाटून आला होता, सुनेलासुद्धा.

आणि मग, बटाटे निघाले त्याच सुमाराला, रस्त्याच्या कामावरचा मुकादम आला. तारासेविच त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. आला तो दारातच घुटमळला.

"आजी, जरा बोलायचं होतं."

"मग बोल की. आधी टोपी काढ. समोर देव आहेत, दिसत नाहीत का?"

त्याने टोपी काढली. ग्लाफीराने सामोवारमधून चहा ओतला, पुढ्यात बटाट्याची गरम वडी ठेवली. त्याने चहा घेतला, वडी मोडली, पण खाल्ली नाही.

"रस्ता होतोय, आजी. झार्यापासून थेट जिल्ह्यापर्यंत. पक्का."

"होऊ दे. वीस पिढ्या चिखल तुडवला, पुरे झाला."

"त्याला खडी लागते. आणि या सगळ्या दलदलीत खडी आहे ती…" त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. "ती तुमच्या टेकडीत आहे."

"टेकडीत माझी पोर आहे," ग्लाफीरा म्हणाली.

तारासेविचने कप खाली ठेवला. ज्यांचे नातेवाईक मागणी करतील त्यांची हाडं नीट काढून झार्याच्या स्मशानात हलवू, असं तो सांगायला लागला. पद्धतशीर, मानाने, वगैरे वगैरे.

"आणि टोपी? टोपी कशी हलवशील?"

"कसली टोपी?"

"राहू दे, तुला नाही कळायचं. मला एवढं सांग, कुणाच्याही कबरी अशा खणायला परवानगी कोण देतं तुम्हाला?"

"नियम आहे, आजी. शेवटचं माणूस पुरून वीस वर्षं झाली की जागा मोकळी धरतात. इथला शेवटचा तो फेओफान सुतार. येत्या वसंतात त्याला वीस पुरी होतात. तोवर आम्ही कुदळसुद्धा लावणार नाही."

"आणि तोवर आणखी कुणी पुरलं गेलं तर?"

"तर पुन्हा वीस वर्षं टेकडीला हात लावता येत नाही." मुकादम हसला. "पण इथे मरायला बसलंय कोण?"

हे बोलला आणि त्याने ग्लाफीराच्या तोंडाकडे बघितलं. मग हसायचा थांबला, घाईघाईने टोपी घातली आणि निघाला. वडी तशीच राहिली. ती ग्लाफीराने खाल्ली, कारण अन्न टाकायचं नसतं आणि पुढे पुष्कळ काम होतं.

आता तुम्हाला वाटेल, ठरवून माणूस मरतो होय? ग्लाफीराला त्यात काही अवघड दिसेना. तिची सासू तशीच गेली होती: ओटीवर पडली, म्हणाली पुरे, आणि आठवडाभरात गेली. फक्त आपण होऊन जिवाचं काही बरंवाईट करण्याची सोय नव्हती. तशा माणसाला आमच्याकडे टेकडीवर घेत नाहीत, कुंपणाबाहेर पुरतात. म्हणजे सगळा बेतच फुकट. तर मग तयारी करायची आणि वाट बघायची.

शवपेटी माळ्यावर होतीच. म्हाताऱ्या माणसाची पेटी आमच्याकडे आधीच करून ठेवतात आणि वेळ येईपर्यंत तिच्यात ओटचे दाणे भरतात. ही फेओफानच्याच हातची होती. ग्लाफीराने ओट काढून पोत्यात घातले, पेटी झाडली. मरणाचं गाठोडं पेटाऱ्यातून काढून उन्हात दिलं: पांढरा सदरा, नवा रुमाल, कधी न घातलेल्या सपाता. आणि मग, जमीन गोठायच्या आत, फावडं घेऊन टेकडीवर गेली आणि तोन्याच्या पलीकडे, सासूच्या शेजारी, स्वतःची कबर खणायला लागली. हिवाळ्यात ती खडी दगड होते, मग कोण खणणार? एकटीने खणली. दमली की काठावर बसून बटाटा खायची, पुन्हा उतरायची.

उस्तीन्याचा मुलगा वालेरी तिला वरचेवर भेटायला यायचा. आईचं भांडण त्याने आपल्या अंगाला लावून घेतलं नव्हतं. तो त्याच रस्त्याच्या कामावर ट्रॅक्टर चालवायचा. एक दिवस तो रॉकेल घेऊन आला, मामी घरात नाही म्हणून शोधत टेकडीवर गेला, आणि बघतो तो काय, मामी खड्ड्यातून डोकं वर काढतेय.

"मामी! हे काय?"

"दिसत नाही? हात दे. चढताना गुडघा कुरकुरतो."

त्याने तिला वर ओढलं आणि दोन पावलं मागे सरकला. "अगं, कबर रिकामी ठेवतात का कधी? एक रात्रसुद्धा ठेवत नाहीत! ती माणूस मागते!"

"मागू दे की. मी आहे ना. त्यासाठीच तर खणली."

"आणि तिने दुसऱ्याच कुणाला बोलावलं तर?"

"इथे दुसरं आहे कोण? बकरी?" ग्लाफीराने फावडं खांद्यावर टाकलं. "तू एवढा घाबरतोस, तर वसंतात त्या यंत्राने माझ्या पोरीला कसा उकरणार होतास रे?"

वालेरी लालभडक झाला. रॉकेल ठेवलं आणि गेला.

खरं म्हणजे त्याचं म्हणणं ग्लाफीरालाही ठाऊक होतं. आमच्यातला कुठलाही माणूस तो खड्डा बघून थांबला असता. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला आपलं तेवढं दिसतं. तिने खड्ड्यावर फांद्या टाकल्या आणि घरी येऊन मरायला बसली.

काही केल्या जमेना! पांढरा सदरा घालून देवांखालच्या बाकावर आडवी व्हायची, हात छातीवर, डोळे मिटलेले. जरा मन शांत झालं की बकरी ओरडायची. उठा, धार काढा. पुन्हा आडवी झाली की भट्टी विझत आलेली. उठा, लाकडं घाला. एकदा तर इतकी छान झोप लागली की सकाळी उठून तिला वाटलं आपण पोचलोच, आणि मग भूक लागली. हिवाळाभर ती धडधाकट राहिली. साधी सर्दी म्हणून नाही. चिडून तिने देवांना सुनावलं, "तरण्या माणसांना घेताना बरं तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही!"

दिवस मोठे व्हायला लागले तशी तिची झोप उडाली. वसंत म्हणजे बुलडोझर.

ईस्टरच्या उपवासाच्या आधीचा ब्लिनीचा आठवडा आला. ग्लाफीरा पातळ धिरडी, आमच्या ब्लिनी, तव्यावर घालत होती तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर धडधडला. दार उघडलं तर वालेरी कुणाला तरी हातांवर उचलून आणतोय, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं. आतून नाक तेवढं बाहेर होतं, आणि ते नाक ग्लाफीराने कुठेही ओळखलं असतं. स्तेपानचं नाक.

"दार लाव, वहिनी, थंडी येतेय," नाक म्हणालं. "अजून अक्कल आली नाही तुला."

वालेरीने आईला भट्टीजवळ टेकवलं आणि शहाण्या माणसासारखा लाकडं फोडायला बाहेर गेला. उस्तीन्या मेणासारखी पिवळी पडली होती. कातड्यातून हात बाहेर आला तर त्यावर मांस नव्हतं. ग्लाफीराने धिरडी तिच्यापुढे ठेवली, वर मलई घातली.

"ऐकलं, मरायला बसली आहेस," उस्तीन्या म्हणाली. "जमतंय का?"

"नाही."

"मला जमतंय." तिने धिरड्याचा एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला. "डॉक्टर म्हणतो, बर्फ वितळायच्या आत. मीठ कमी आहे."

ग्लाफीरा बाकावर बसली. तिला वालेरीचं बोलणं आठवलं. खड्डा खणला होता तो तिने स्वतः, हाक गेली होती ती नदीपलीकडे.

"उस्त्या," तिच्या तोंडून निघालं, "माझ्या त्या खड्ड्याने तुला बोलावलं गं. मी घात केला."

"तुझ्या खड्ड्याने?" उस्तीन्याला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "तुझं मी उभ्या जन्मात कधी ऐकलंय, की तुझ्या खड्ड्याचं ऐकेन? गेल्या उन्हाळ्यापासून पोटात गाठ आहे. तेव्हा तू बटाट्याला माती लावत होतीस. सगळं जग आपल्यावाचून अडतंय असं वाटतं हिला!" दम खाऊन ती पुढे म्हणाली, "पण खड्डा मात्र मला दे."

"काय?"

"खड्डा. आणि पेटी. झार्यात माझी काही तयारी नाही. तिथे सगळं सरकारी."

"वा गं वा!" ग्लाफीरा उठलीच. आताच रडवेली झालेली बाई, पण हे काही तिला सोसेना. "मी खणला, माझ्या हाताला फोड आले, मी हिवाळाभर सदरा घालून पडले, आणि तू आयती येऊन झोपणार? गाव सोडून जाताना पहिली तू. आता टेकडी राखायचा मानही पहिला तुलाच?"

"मान कसला, मेले! झार्यात खणलं की हातभरावर पाणी लागतं. मात्र्योनाला पुरलं तर पेटी तरंगली. काठ्यांनी दाबून धरली, तेव्हा कुठे माती टाकता आली. मी बघितलंय." उस्तीन्याचा आवाज उतरला. "मला ओलं नको, वहिनी. मला आईशेजारी कोरड्यात ठेव. मी गेले तेव्हा पोराचा विचार केला. शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. तुझी तोन्या मी माझ्या मांडीवर जाताना बघितली. मला वालेरी तसा घालवायचा नव्हता. एवढंच होतं. तू कधी विचारलंच नाहीस, आणि मी कशाला सांगते?"

ग्लाफीरा तव्यापाशी गेली. तव्यावरचं धिरडं केव्हाच करपलं होतं. तिने ते उलथलं, करपलेलं तसंच ताटात टाकलं, आणि मग पाठमोरी उभी राहून डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. तिने एवढी वर्षं जे उराशी धरलं होतं ते सगळं चुकीचं निघालं होतं, आणि रागवायला समोर एक मरणारी बाई तेवढी उरली होती.

"पेटी तुला लांब होईल," शेवटी ती म्हणाली.

"पाय ताणून झोपेन. आयुष्यात कधी मिळालं नाही."

उस्तीन्या झार्याला परत गेली नाही. ग्लाफीराने तिला भट्टीवरच्या उबदार ओट्यावर निजवलं, बकरीचं दूध चमच्याने पाजलं, आणि दोघींनी इतक्या वर्षांचं राहिलेलं भांडण बसून रीतसर पुरं केलं. कुणाच्या कोंबडीने कुणाची काकडी खाल्ली इथपर्यंत. उपवास लागले आणि एका सकाळी उस्तीन्या म्हणाली, "आता पुरे, वहिनी," आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. ग्लाफीराने तिला अंघोळ घातली, आपला पांढरा सदरा, आपल्या सपाता चढवल्या. मग शाल घट्ट बांधून गोठलेली नदी ओलांडली आणि झार्यात दारोदार जाऊन सांगितलं, "उस्तीन्या गेली. उद्या टेकडीवर."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. कुलिगाच्या होत्या तेवढ्या सगळ्या, काठ्या टेकत, एकमेकींना धरत. घरापासून टेकडीपर्यंत बर्फावर फरच्या फांद्या अंथरल्या. पेटी अंगणात आणली आणि तेवढ्यात वालेरीचा ट्रॅक्टर आला. मागे घसरगाडी, शेजारी बसलेला तारासेविच.

मुकादम उतरला, टोपी काढली, पण बोलला ते असं: "आजी, दुःखात आहात, मला कळतं. पण वरून सांगितलंय, टेकडी बंद आहे. इथे पुरता येणार नाही. झार्यात जागा तयार आहे. वालेरी, पेटी गाडीवर घे."

ग्लाफीरा पेटीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"वीस वर्षं अजून झालेली नाहीत," ती म्हणाली. "तूच सांगितलंस. बंद कोणी केली?"

"आजी, अख्ख्या जिल्ह्याचा रस्ता अडेल! तुम्हालाच दवाखान्यात न्यायला तो लागणार आहे."

"मला दवाखाना नको. रस्ता हवाय, खडी दुसरीकडून आण. तुझ्याकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत, कागद आहेत. माझ्याकडे एवढी टेकडी आहे. हिला तिच्या आईजवळ जायचंय आणि ती जाणार. तुला उचलायचंच असेल तर आधी मला उचल. मी हलकी नाही, आधीच सांगते."

"वालेरी!" मुकादम ओरडला. "उतर खाली!"

वालेरी उतरला. उतरण्याआधी त्याने हात पुढे करून इंजिन बंद केलं.

झटकन शांतता झाली. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत ट्रॅक्टर कुणी बंद करत नाही. जेवताना चालू, रात्रभर चालू. एकदा थंडावला की पाणी गोठून इंजिनाला तडा जातो, नाहीतर पाणी सोडून द्यावं लागतं, आणि मग वसंतापर्यंत तो तिथेच. हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. वालेरी खाली वाकला, नळ फिरवला आणि सगळं गरम पाणी बर्फावर सोडून दिलं. वाफ त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली.

"हे काय केलंस?" तारासेविचच्या आवाजात जोर राहिला नव्हता. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे," वालेरी म्हणाला. "आई, चल." आणि त्याने पेटीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

मागचं टोक घ्यायला गडी नव्हताच. चार म्हाताऱ्या पुढे झाल्या. चढावर त्या घसरायला लागल्या, एक गुडघ्यावर आली, पेटी कलली. मागून कुणीतरी धावत येऊन खांदा दिला. ग्लाफीराने वळून बघितलं तर मुकादम. टोपी नाही, कान लाल, तोंडाने पुटपुटतोय की आपण दोघंही नोकरीतून जाणार. म्हाताऱ्यांनी सरकून त्याला जागा करून दिली. लांब टॉवेलांवरून पेटी खाली सोडली. ग्लाफीराने मूठभर खडी टाकली. कोरडी होती.

मग घरी उत्तरकार्याचं जेवण झालं: धिरडी, बटाट्याच्या वड्या, मधातला गव्हाचा भात, बेरीचं घट्ट सार. बायकांनी रडून घेतलं, मग उस्तीन्याच्या आठवणी काढून हसूनही घेतलं. तारासेविच एका कोपऱ्यात बसून खात होता आणि या खेपेला वडी त्याने टाकली नाही. एकजण ग्लाफीराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चला, तुझ्या मनासारखं झालं. आता सुखाने डोळे मीट हो."

"आता कुठली मरते!" ग्लाफीरा म्हणाली. "एका टेकडीवर दोन मरणं एकदम कोण खर्च करतं? वीस वर्षं उस्तीन्या राखेल. ती संपली की मी. तोवर मला जगलंच पाहिजे."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

वालेरीची नोकरी गेली, काही महिन्यांनी दुसरी मिळाली. रस्ता जंगलात अर्ध्यावर जाऊन थांबला, खडीअभावी की पैशाअभावी, देव जाणे. पुढे ते सरकारच गेलं, त्याचा झेंडा गेला. झार्याची शेती बंद पडली, सिनेमाचं छप्पर बसलं, तरणी माणसं शहरात गेली. आता झार्यालाही भविष्य नाही म्हणतात. ग्लाफीरा जगली. दोनदा पडली, एकदा मांडीचं हाड मोडलं, उठली. बकऱ्या बदलल्या. बटाटे लावले, काढले. डोळे अधू झाले तेव्हा वालेरी, तोही आता पेन्शनवाला, बायको गेल्यावर तिच्याकडेच राहायला आला.

वीस वर्षं भरली त्या वसंतात, बर्फ नुकता गेलेला असताना, तिने वालेरीला हाक मारली. "कुऱ्हाड घे, चार खुंट्या कर, आणि मला टेकडीवर ने."

तो तिला जवळजवळ उचलूनच घेऊन गेला. वर वारा होता. क्रूस कलले होते, पण होते सगळे.

"इथे माझी जागा आख," ती म्हणाली. "उन्हाळा काही मला दिसत नाही. या खेपेला जमेल असं वाटतंय."

वालेरी खुंट्या हातात धरून तसाच उभा राहिला. "मामी, आता टेकडी मागायला कुणी उरलेलं नाही. तारासेविच गेला. त्यांचं ऑफिस गेलं. रस्ता नाही, यंत्रं नाहीत. कुणापासून राखतेस?"

"येईल कुणीतरी. खडी आहे ना टेकडीत? मग येईलच." तिने काठीने जमीन चाचपली. "ठोक. आणि जरा इकडे सरकून घे, तिथे तुझ्या आईचे पाय येतात. पुढची वीस वर्षं मला तिची कुरकुर ऐकायची नाही."

वालेरीने पहिली खुंटी ठोकली.